विमानतळावरील मोटार

छत्रपति संभाजीनगरचा विमानतळ चिकलठाण्यास, जालना रस्त्यावर, शहराला लागूनच आहे. एवढ्याशा अंतरासाठीं मोटार आधीं कशाला ठरवावी, असा प्रश्न कित्येक घरांतून निघतो. आमच्या मतें हें भाडें अंतराचें नसून वाट पाहण्याचें असतें. विमानास उशीर झाला, तर वडील मंडळी सामानासह तिष्ठत राहूं नयेत आणि मोटारचालकाचाही वेळ फुकट जाऊं नये. म्हणून भाडें, थांबण्याचा आकार व वाहनतळाचें शुल्क हीं तिन्ही आधींच लेखी ठरवावीं. विमानाचा क्रमांक चालकास कळवावा, गाडीचा वडिलांजवळ लिहून द्यावा. तीच मोटार पुढें न्यावयाची असल्यास अजिंठ्याचीं लेणीं सोमवारीं व वेरूळचीं मंगळवारीं बंद असतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.