उसाची टाकी – भाग ६ : परभणीतली जर्मनी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे कुणी अभिमानानं म्हणतोय की थट्टेनं, ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघूनच ठरवावं लागतं. मागच्या भागानंतर आलेल्या पत्रांत एक पत्र असं निघालं, की त्यात ही म्हण साक्षात दारात उभी आहे. परभणीच्याच एका वाचकानं मुंबईहून जुनी मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर आणली. स्वस्तात पडली, असं ते लिहितात. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो हे ते लिहीत नाहीत, पण पत्राच्या सुरावरून कळतं. प्रश्न सरळ आहे : पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं, गाडी वीस वर्षांची, कमीत कमी पैशांत काय काय बदलू? आणि उद्या ८५ टक्क्यांचं आलं तर?

स्प्लेंडर आणि अ‍ॅक्टिव्हाच्या जिल्ह्यात हा प्रश्न चैनीचा वाटेल. पण इथेनॉल काय देतं आणि काय मागतं, हे अशा गाडीत जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडं दिसत नाही. म्हणून हा सगळा भाग त्या पत्राला.

कॉम्प्रेसर म्हणजे जर्मन भाषेत सुपरचार्जर. लोहाराचा हातानं फिरवायचा भाता आठवा. इथं तो भाता इंजिनच पट्ट्यानं फिरवतं आणि सिलिंडरमध्ये हवा कोंबतं. टर्बोही हेच करतो, फक्त त्याचा भाता सायलेन्सरकडं निघालेल्या धुराच्या जोरावर फिरतो. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त, म्हणजे ताकद जास्त. अडचण अशी, की दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच, नको त्या जागी आपोआप पेटतं. तीच ती टकटक, मेकॅनिकच्या भाषेत नॉकिंग. दाबाच्या इंजिनात ती फार काळ चालली तर पिस्टनला भोक पडतं.

इथेनॉल इथंच कामाला येतं. सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गार लागतं ना, तसंच हे. वाफ होताना एक किलो इथेनॉल पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता शोषून घेतं, त्यामुळं आत जाणारी हवा थंड होते. त्याचा ऑक्टेन अंक १०८च्या आसपास, आपल्या बिनइथेनॉलच्या साध्या पेट्रोलचा किमान ९१. म्हणजे ते टकटकीला सहज दाद देत नाही. कोनिगसेग या स्वीडिश कंपनीनं २००७ साली सीसीएक्सआर नावाची मोटार काढली. दोन सुपरचार्जर लावलेलं तिचं इंजिन पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ती देई आणि ८५ टक्के इथेनॉलवर १,०१८. भाता वाढवायला मुभा मिळाली, ती इंधनामुळं. साध्या स्कूटरला त्याच इथेनॉलनं दिलं काय? थोडं घटलेलं अ‍ॅव्हरेज. तिच्या इंजिनाला ऑक्टेनची भूकच नव्हती.

आता परभणीकडं येऊ. आपल्या पेट्रोलची कथा आधीच वाकड्या वाटेची आहे. २०१८ आणि २०२१ साली देशातल्या महाग पेट्रोलच्या बातम्यांत परभणीचं नाव झळकलं होतं, कारण टँकर येणार मनमाडच्या डेपोतून, तीनशेहून जास्त किलोमीटर तुडवत. त्याच वेळी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आणि गोदाकाठी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड भागात ऊस उभा असतो. गंगाखेडला कारखान्याला जोडून डिस्टिलरी आहे. पण तिथलं इथेनॉल थेट आपल्या पंपावर येत नाही. ते तेल कंपनीच्या डेपोत जातं, पेट्रोलमध्ये मिसळतं, आणि मग टँकरनं परत यायचं तिथं येतं. माहेरवाशीण सासर फिरून यावी तसं.

तर हे मिश्रण टाकीत पडल्यावर काय होतं? पहिलं काम ते झाडू मारण्याचं करतं. इथेनॉल चांगला द्रावक आहे. वीस वर्षांत टाकीच्या तळाशी जमलेला चिकट थर ते सोडवतं आणि फिल्टरकडं पाठवतं. म्हणून गाडी ‘इथेनॉलनं बिघडली’ असं ज्याला वाटतं, त्याची कित्येकदा टाकी तेवढी धुतली गेलेली असते. पहिला खर्च फिल्टरचा : एक आता, दुसरा हजारएक किलोमीटरनंतर. शक्य असेल तर टाकी खोलून धुऊन घ्यावी. यापेक्षा स्वस्त सुधारणा या सगळ्या यादीत नाही, आणि नेमकी हीच लोक टाळतात, कारण ती दिसत नाही.

दुसरं काम रबराचं. जुन्या जातीचं नायट्राइल रबर, नैसर्गिक रबर, बुचाची गॅस्केट यांना इथेनॉल मानवत नाही. ती फुगतात, मऊ पडतात, मग तडकतात. माझ्या जुन्या स्कूटरची नळी बाहेरून ठणठणीत होती. गाडी झटके मारायची, मी कार्बोरेटर दोनदा खोलायला लावला. तिसऱ्या खेपेला मेकॅनिकनं नळी ब्लेडनं उभी चिरली आणि म्हणाला, “सर, बाहेरून बघून काय कळतंय, पोटातून फुगायली ना ही.” आतलं भोक निम्मं उरलं होतं. कारमध्ये हीच फुगलेली नळी साडेतीन-चार बारच्या दाबाखाली तापलेल्या इंजिनाशेजारी असते. ती फुटली तर झटका नव्हे, आग. तेव्हा काटकसर कुठं करायची नाही हे आधीच ठरवा. आतून फ्लुओरो रबर, म्हणजे बाजारातल्या भाषेत व्हायटन, किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेलीच नळी घ्या, आणि तिच्यावर तसं छापलेलं आहे का ते बघूनच. इंजेक्टरचे ओ-रिंगही त्याच जातीचे घ्या. टाकीच्या आत पंपाला जोडलेला छोटा तुकडा हमखास विसरला जातो. तो सतत इंधनात बुडालेला असतो, त्याला आत-बाहेर दोन्हीकडून मार बसतो, आणि साधी नळी तिथं टिकत नाही. आपल्याकडं १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत हे भाग वीस टक्क्यांना टिकणारे बसवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीचं ज्याचं त्यानं बघायचं.

तिसरं काम हिशोबाचं, आणि पैसे इथंच वाचतात.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.६ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला नऊच, कारण त्याच्या पोटात ऑक्सिजन आधीच आहे. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं. घनफळात मांडलं तर वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेसात टक्के जास्त, ८५ टक्क्यांच्या मिश्रणाला ४० टक्क्यांहून थोडं जास्त. हे दोन आकडे काडेपेटीवर लिहून ठेवा; बाकी सगळी खरेदी त्यांच्यावर ठरते.

दीडशे अश्वशक्तीची सुपरचार्जरवाली गाडी धरू. पूर्ण जोरात ती तासाला फार तर ६८ लिटर पेट्रोल मागेल. चार इंजेक्टर, आणि प्रत्येक फार तर ८० टक्के वेळ उघडा ठेवायचा, तर प्रत्येकाची क्षमता मिनिटाला ३५५ मिलीलिटर हवी. वीस टक्क्यांना ३८०. ८५ टक्क्यांना ५००च्या वर. पहिल्या दोन आकड्यांतला फरक बहुतेक गाड्यांच्या मूळ इंजेक्टरांत सामावतो. म्हणजे वीस टक्क्यांसाठी मोठे इंजेक्टर विकत घेणं हा पैशांचा धूर आहे. आहेत तेच उतरवून स्वच्छ करा आणि टेस्ट बेंचवर चौघांचा प्रवाह मोजून घ्या. तीन सारखे आणि एक कमी देणारा, ही अवस्था चारही लहान असण्यापेक्षा वाईट. तो एक सिलिंडर लीन, म्हणजे कमी इंधनावर, चालतो, आणि पिस्टन जातो तो नेमका त्याचाच.

थोडं कमी पडलंच तर दाब वाढवायचा जुना उपाय आहे, पण त्याचं गणित कंजूष आहे. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. साडेसात टक्क्यांसाठी ३ बारचे साडेतीन करावे लागतात, ते जमतं. चाळीस टक्क्यांसाठी ३चे ६ लागतील. तिथं पंप हात टेकतो. शिवाय भाता सिलिंडरच्या तोंडाशी उलटा दाब उभा करतो. इंधनाचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला त्या दाबाची नळी जोडलेली नसेल, तर ०.६ बारच्या बूस्टला, म्हणजे भात्याच्या दाबाला, ३ बारचे २.४च उरतात आणि इंजेक्टर दहाएक टक्के कमी ओततो, तेही नेमका जोर हवा असताना. ती चार-सहा इंच लांबीची व्हॅक्यूमची नळी तडकली आहे का, हे बघायला एक पैसा लागत नाही.

पंपाचंही असंच. जुन्या वायरिंगमधून पंपापर्यंत पोचता पोचता व्होल्टेज गळतं, आणि पंप मंदावतो. बॅटरीवरून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, जुनी वायर फक्त रिलेला इशारा द्यायला. एवढ्या कामानं थकलेला वाटणारा पंप पुष्कळदा ताजा होतो. हे काम परभणीतला कुठलाही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन करील. आधी गाडी चालू ठेवून पंपाच्या टोकाशी मल्टीमीटर लावायला सांगा. तिथं व्होल्टेज पुरेसं असेल तर हाही खर्च नको.

एक उपकरण मात्र मी आवर्जून घ्यायला सांगेन : वाइडबँड ऑक्सिजन मीटर. गाडीचा मूळ सेन्सर रमतगमत चालताना मिश्रण आपोआप सावरतो. पण जुन्या अनेक गाड्यांत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कॉम्प्युटर सेन्सरकडं बघणं सोडतो आणि पाठ केलेले आकडे वापरतो. ते आकडे निव्वळ पेट्रोलच्या काळातले. दाब पूर्ण, मिश्रण लीन, आणि डॅशबोर्डवर दिवा नाही. मीटरवर आकडा लॅम्डामध्ये वाचायचा, हवा-इंधनाच्या गुणोत्तरात नाही, कारण गुणोत्तर इंधनागणिक बदलतं, लॅम्डा एक म्हणजे इंधन कुठलंही असो, ते नीट जळायला लागते नेमकी तेवढीच हवा.

आता पाण्याचं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि फार झाला की पाणी-इथेनॉल खाली आणि पेट्रोल वर असे दोन थर होतात. शौकाची गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहते. तिची टाकी भरून ठेवावी, म्हणजे हवेला जागा कमी. मिश्रणात इथेनॉल किती, हे घरी पाहता येतं : मोजपात्रात १० मिलीलिटर पाणी, वर ९० पेट्रोल, हलवून ठेवून द्या. तळचा थर २८च्या आसपास आला तर इथेनॉल वाढलेले १८ भागिले ९०, म्हणजे वीस टक्के. हे अंगणात करावं, चुलीपासून आणि विडीवाल्यापासून लांब.

८५ टक्क्यांचं स्वप्न? पुण्यात ५ जून २०२१ रोजी ई-१००, म्हणजे जवळजवळ निव्वळ इथेनॉलच्या, पंपांचा प्रयोग सुरू झाला, मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत निवडक पंपांवर ते विक्रीला आलं. पण त्यासाठी गाडी मुळातून तशी लागते : इंजेक्टर, पंप, नवं ट्यूनिंग आणि टाकीत काय आहे ते ओळखणारा सेन्सर. शिवाय थंडीत सुरू होण्याची अडचण. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा कधी कधी पाच अंशांखाली जातो, आणि थंड इथेनॉलची पुरेशी वाफ होत नाही. ब्राझीलच्या जुन्या इथेनॉल गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची, ती सकाळच्या पहिल्या सेल्फपुरती. डिस्टिलरीतून कॅन भरून आणून घरी मिसळायचा विचार पत्रात आहे, तो सोडून द्यावा. त्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. त्याच मापाचा, जास्त टिकाऊ नळीचा तुकडा बसवणं ही दुरुस्ती. इंजिनाचा स्वभाव बदलणं ही वेगळी गोष्ट.

तेव्हा पत्रलेखकांनी क्रम असा ठेवावा : टाकी आणि फिल्टर, नळ्या आणि ओ-रिंग, पंपाची वायर, इंजेक्टरची तपासणी, मग मीटर. एवढं झाल्यावर जिंतूर रस्त्याला एक फेरी मारून लॅम्डाचा आकडा मला कळवावा. पुढच्या आठवड्यात कार्बोरेटरवाल्यांची पाळी आहे : मेन जेटचं भोक चार टक्क्यांनी मोठं का करायचं, आणि ते सुईनं कोरून का करायचं नाही.