सिलतऱ्याकडे परतताना

प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या घरांतून केवढी धांदल असते! पंधरा दिवस आधीपासून याद्या होतात, लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात, मुले भिंतीवरच्या कॅलेंडरावर दिवस मोजतात. परतीच्या प्रवासाची तयारी मात्र कोणी करीत नाही. मळलेले कपडे कसेबसे पिशव्यांत कोंबले जातात आणि कालपर्यंत हसणारी माणसे एकमेकांशी तुटक बोलू लागतात. गेल्या मे महिन्यात चिखलदऱ्याहून निघताना आमच्या घरातही हेच घडले. त्या परतीच्या दोन दिवसांत आम्हांला जे उमगले, ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल, अशा समजुतीने हा अनुभव सांगत आहे.

आमचे बिऱ्हाड सिलतऱ्याला आहे. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने पंधराएक किलोमीटर गेले की उंच धुराडी दिसू लागतात, तेच सिलतरा. स्पंज आयर्नचे अनेक कारखाने या औद्योगिक वसाहतीत आहेत. लोहखनिज आणि कोळसा प्रचंड फिरत्या भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवतात. खनिज वितळत नाही. त्यातील प्राणवायू तेवढा निघून जातो आणि मागे स्पंजासारखे सच्छिद्र लोखंड उरते. पुढे ते वितळवून त्याच्या सळ्या बनतात. भट्टी एकदा पेटली की ती रात्रंदिवस चालते, म्हणून माणसांनाही तीन पाळ्यांत काम करावे लागते. माझे यजमान अशाच एका रोलिंग मिलमध्ये नोकरीस आहेत.

मराठी माणूस इतक्या दूर कसा, असे काही वाचकांना वाटेल. पण हे नाते जुने आहे. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले आणि त्यांच्यामागोमाग कितीतरी मराठी कुटुंबे छत्तीसगडात स्थिरावली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून चालू आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर, अमरावती आणि रायपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. रायपूरच्या मुख्य रस्त्याला आजही लोक जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड म्हणतात, तो नागपूरकडून येणारा जुना राजरस्ताच होय. आमचे मूळ घर अमरावतीकडचे. त्यामुळे मुले अमरावतीला ‘गाव’ म्हणतात आणि सिलतऱ्याला ‘घर’. या दोन शब्दांमधला फरक या वेळी प्रथमच माझ्या ध्यानात आला.

जाताना

सिलतरा ते चिखलदरा हे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटरचे. गाडी लहान आणि जुनी. बरोबर सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी व सात वर्षांचा मुलगा. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो. म्हणून पहाटे चारला निघावयाचे आणि दुपारी बाराच्या आत मुक्कामाला पोहोचावयाचे, हा नियम आम्ही पाळला. टायरमधील हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासून घेतली. पाण्याचे दोन मोठे कॅन, मीठ-साखर, पन्ह्याची बाटली आणि सासूबाईंच्या आग्रहास्तव प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा, एवढी उन्हाविरुद्धची सिद्धता होती. कांद्याने ऊन लागत नाही की नाही हे मी सांगू शकत नाही. मात्र पन्ह्याचा उपयोग निश्चित झाला.

भिलाई, दुर्ग, राजनांदगाव मागे टाकून बाघ नदीजवळ आम्ही महाराष्ट्रात प्रवेश केला. देवरी, साकोली, भंडारा करीत नागपूरला पहिला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी अमरावती व परतवाडा ओलांडून घाट चढू लागलो, तसा खिडकीतून येणारा वारा बदलला.

समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे चिखलदरा म्हणजे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी लोककथा आहे. येथे कॉफीचे मळे आहेत. जवळच गाविलगड उभा आहे. १८०३ च्या डिसेंबरात तो इंग्रजांनी जिंकून घेतला होता. मे महिन्यात धबधबे कोरडे असतात. तरीही मुले गडावरून तासन्‌तास दरी न्याहाळीत बसत.

तेथे आम्ही सहा दिवस होतो. तिसऱ्या रात्री सासूबाई हळूच म्हणाल्या, “सूनबाई, पोरगा खोकला नाही गं आज.” मी दचकले. गेली दोन वर्षे रात्रीचा त्याचा कोरडा खोकला आमच्या इतका अंगवळणी पडला होता की, तो थांबल्याचे माझ्या लक्षातसुद्धा आले नव्हते.

परतीची हुरहुर

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलगी जेवली नाही. मुलाने चप्पल लपवून ठेवली. यजमान उगाच गाडीचे बॉनेट उघडून बसले होते. त्यांना सोमवारपासून रात्रपाळी होती. मी कपड्यांच्या घड्या घालीत होते आणि माझ्या मनात एकच विचार घोळत होता, की आता खोकला पुन्हा सुरू होणार.

सुट्टीचा आनंद किती टिकतो, याचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. हॉलंडमधील संशोधकांनी दीड हजाराहून अधिक प्रौढांची पाहणी करून २०१० साली निष्कर्ष मांडले. प्रवासाला जाणारी माणसे जाण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी होती. परतल्यावर मात्र बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नाही. ज्यांची सुट्टी अत्यंत निवांत गेली होती, त्यांचाच आनंद काही काळ टिकला. परतीची वाट नेहमी जवळची का वाटते, याचाही अभ्यास तेथेच झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. अंतर तेच असूनही परतीचा प्रवास लोकांना सुमारे पाचव्या हिश्शाने कमी वाटला. जाताना आपल्या अंदाजापेक्षा वेळ जास्त लागतो. त्यामुळे येतानाही तसाच लागणार असे आपण धरून चालतो आणि वाट लवकर सरल्यासारखी वाटते. ज्याला घरी जाणे नको आहे, त्याच्या दृष्टीने हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा!

परतीची ही हुरहुर थोडीफार सर्वांनाच असते आणि आठवडाभरात ती विरते. शाळेची घंटा, दूधवाल्याची हाक, शेजाऱ्यांच्या गप्पा यांत माणूस पुन्हा रमतो. परंतु प्रत्येक हुरहुर अशी विरून जाण्यासारखी नसते. कधी कधी ती आपल्या घरातील एखाद्या खऱ्या उणिवेकडे बोट दाखवीत असते. या दोहोंतला भेद ओळखणे हेच महत्त्वाचे, हे मला साकोलीच्या चहाच्या टपरीवर पटले.

नागपूरहून पहाटेच निघून आम्ही भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडली होती. पुलावर मुलीने विचारले, “बाबा, आपण सिलतऱ्यालाच का राहतो?” यजमान म्हणाले, “हा पूल बघ. वरून नुसते सिमेंट दिसते. पण आत सळ्या नसतील तर तो एक दिवस उभा राहणार नाही. तशाच सळ्या आमच्याकडे बनतात.” मुलीला ते आवडले. पूल संपेपर्यंत ती वळून वळून पाहत होती.

साकोलीला चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, “बाबा, सळ्यांचा अभिमान मलाही आहे रे. पण सळई पोराचा खोकला थांबवीत नाही.”

कोणी काही बोलले नाही. नंतर यजमानांनी खिशातून कागद काढला आणि आम्ही तेथेच बसून परतल्यानंतरची यादी केली. जाण्याची यादी दर वर्षी होई; येण्याची यादी आयुष्यात प्रथमच झाली.

यादीत काय होते

पहिली गोष्ट, परतल्यावरचा एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावयाचा. सुदैवाने आम्ही शनिवारी पोहोचत होतो. एरवी आम्ही सुट्टीचा शेवटचा तासही प्रवासात घालवीत असू आणि दुसऱ्या सकाळी अर्धवट झोपेत कामाला लागत असू. निम्मी धास्ती त्यातूनच येत असावी.

दुसरी गोष्ट, मुलाला छातीच्या डॉक्टरांना दाखवावयाचे. खोकल्याला ऋतू, सर्दी, घरातील ओल अशी अनेक कारणे असू शकतात. धुळीवर सगळा दोष ढकलून मोकळे होणे बरे नव्हे.

तिसरी गोष्ट घरातल्या धुळीची. कोरड्या झाडूने केर काढला की बारीक धूळ हवेत उडते आणि श्वासावाटे आत जाते. अडीच मायक्रॉनहून लहान कण तर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. आपला केस त्यांच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. म्हणून ओल्या फडक्याने पुसावयाचे, मुलांची झोपण्याची खोली रस्त्याच्या बाजूची न ठेवता मागची करावयाची, आणि अंथरुणे दिवसा झाकून ठेवावयाची असे ठरले.

चौथी गोष्ट घराबाहेरची होती आणि तिच्यापाशी यजमान जरा थबकले. कारखान्याच्या धुराड्यातील धूळ विजेच्या भाराने ओढून घेणारी यंत्रे असतात. कामगार त्यांना ईएसपी म्हणतात. ती अखंड व नीट चालली तर बरीचशी धूळ आतच अडते. १९८१ च्या वायुप्रदूषण प्रतिबंधक कायद्यानुसार यावर देखरेख ठेवण्याचे काम राज्याच्या मंडळाकडे असते. छत्तीसगडात पर्यावरण संरक्षण मंडळ ते करते. सूक्ष्म कणांचे वर्षाचे सरासरी प्रमाण घनमीटरला चाळीस मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे आपले राष्ट्रीय मानक २००९ पासून सांगते. नागरिकांना अर्ज करता येतो. परंतु ज्या उद्योगावर आपली चूल पेटते, त्याविषयी अर्ज कसा करावयाचा? शेवटी यजमानच म्हणाले, “यंत्र नीट चालावे असे म्हणणे म्हणजे उद्योगाशी वैर नव्हे. मी मिलमध्येही रोज तेच म्हणतो.”

पाचवी गोष्ट कागदावर लिहिली नाही. खोकला राहिलाच तर बिऱ्हाड रायपूरच्या दुसऱ्या टोकाला हलवावयाचे, की नाही?

उंबरठ्यावर

नवतपा सुरू झाला होता. अकराच्या सुमारास सिलतऱ्यात शिरलो तेव्हा रस्ता भाजत होता. दार उघडले, फरशीवर काळसर धुळीचा थर होता आणि मुलाची बोटे त्यावर लगेच रेघा ओढू लागली. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारच्या, मुले जिला बडे दाई म्हणतात त्या बाई, झाकलेले पातेले घेऊन आल्या. आत बासी होती: रात्री पाण्यात भिजत घातलेला भात, बरोबर कांदा, हिरवी मिरची आणि आंब्याची चटणी. छत्तीसगडात उन्हाळ्यात या अन्नासारखे दुसरे थंड अन्न नाही. आमच्या अंगणातील तुळशीला त्यांनी आठवडाभर पाणी घातले होते. पाने धुऊन काढल्यासारखी हिरवी होती. मुलीने दोन वाट्या बासी खाल्ली आणि गडाची हकिकत सांगत त्यांच्या मागोमाग अंगणात निघून गेली.

मी यादीचा कागद बाईंना वाचून दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, की तुम्ही बिऱ्हाड हलवू शकता; आमचे घर तर कारखान्यांच्या आधीपासूनचे आहे, आम्ही कोठे जावे? मग त्यांनी विचारले, अर्जावर अंगठा चालेल का? चालतो, असे मी सांगितले.

त्या रविवारी घर धुतले. मुलाला डॉक्टरांनी तपासले, औषध दिले आणि रात्रीच्या खोकल्याची नोंद ठेवण्यास सांगितले. सोळा जूनला शाळा उघडण्यापूर्वी गल्लीतील आठ घरांच्या सह्यांचा अर्ज रवाना झाला. त्यात तक्रारीपेक्षा विनंतीच अधिक आहे: रात्रीच्या वेळीही पाहणी व्हावी, कोळशाच्या गाड्या झाकून न्याव्यात, रस्त्यावर पाणी मारले जावे.

आता पाऊस सुरू झाला आहे. हवा धुऊन निघाली आहे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात जुलैच्या पानावर, रात्री खोकला झाल्याच्या अवघ्या तीन खुणा आहेत. यावर भुलून जाण्याचे कारण नाही. हिवाळ्यात वारा पडतो, धूळ खाली रेंगाळते. खरी परीक्षा तेव्हा. बिऱ्हाडाचा निर्णय आम्ही फेब्रुवारीत, त्या खुणा मोजून घेणार आहोत.

वाचकांपैकी अनेकजण पुढच्या उन्हाळ्यात कोठे ना कोठे जातील. परतीच्या वाटेवर मन जड झाले तर त्याला दटावून गप्प करू नये आणि त्याच्या आहारीही जाऊ नये. एखाद्या टपरीवर थांबून, घरातल्या लहानथोरांना विचारून, कागदावर लिहून काढावे की आपल्याला नेमके कशाकडे परतावेसे वाटत नाही. त्यातले बरेचसे चार दिवसांत आपोआप मिटेल. जे मिटणार नाही, त्याला हात घालावा लागेल. आमचा तो साकोलीचा कागद कॅलेंडराच्याच खिळ्याला टांगलेला आहे. त्याच्या तळाशी मुलीने आपल्या अक्षरात एक कलम वाढवले आहे: ‘पुढच्या वर्षी बडे दाईलाही न्यायचे.’