जुन्या कोटांतून वैमानिकाचे जाकीट

आयर्विन जाकिटाची प्रतिकृती करायची तर नवे कातडे आणण्यापेक्षा जुने कोट उसवून ती करावी, असे माझे मत आहे. आणि ते केवळ काटकसरीपोटी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक वापरत ते हे जाकीट: बाहेर तपकिरी चामडे, आत दाट लोकर, कान झाकेल एवढी रुंद कॉलर. त्याचा कर्ता लेस्ली आयर्विन हा अमेरिकी पॅराशूटपटू. १९१९ साली विमानातून उडी घेऊन, हवेत असताना स्वतःच्या हाताने पॅराशूट उघडून तो खाली उतरला. पुढे १९२६ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये लेचवर्थ येथे पॅराशूटचा कारखाना काढला, आणि १९३०च्या दशकात हे जाकीट आणले. वीस हजार फुटांवर हवेचे तापमान साधारण शून्याखाली २५ अंशांपर्यंत उतरते. बॉम्बफेकी विमानांतल्या तोफचीला तर त्या थंडीत तासन्‌तास एका जागी बसून राहावे लागे. म्हणून मेंढीचे कातडे लोकरीसकट कमावून, लोकर आत घेऊन ते शिवत. लोकरीत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. जाडजूड हातमोजे घालता यावेत म्हणून बाह्यांना मनगटापासून वर चेन असे, कमरेला पट्टा असे. खिसे मात्र नसत.

माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार या जाकिटाच्या शिवणीतच आहे. सुरुवातीची जाकिटे मोठमोठ्या भागांची आहेत. पाठ, छाती, बाही, सगळे ऐसपैस. युद्ध लांबले तशी मोठ्या, निर्दोष कातड्यांची चणचण भासू लागली आणि तेच जाकीट अनेक लहान तुकडे जोडून तयार होऊ लागले. म्हणजे जोडकाम ही या वस्तूच्या इतिहासातलीच गोष्ट आहे. त्या काळचे ब्रिटनही तसेच चालले होते. जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन लागले, आणि जुने कपडे उसवून त्यातून नवे करा, असा प्रचार खुद्द सरकारने चालवला. एकसारख्या, डागविरहित नव्या कातड्याचे जाकीट दिसायला देखणे असेल, पण युद्धाच्या उत्तरार्धातल्या जाकिटापासून ते दूरच राहते.

यासाठी लागणारा माल फारसा दुर्मीळ नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत ब्रिटनमध्ये मेंढीच्या कातड्याच्या कोटांची मोठी फॅशन होती, आणि त्यातले बरेच आजही जुन्या कपड्यांच्या दुकानांत मिळतात. या कोटांची बाहेरची मखमली बाजू आणि वैमानिकाच्या जाकिटाची बाहेरची बाजू एकच: कातड्याची मांसाकडची बाजू. फरक आहे तो वर दिलेल्या रंगाचा आणि लेपाचा, आणि तो नंतरही देता येतो. खरे कौशल्य लागते ते उसवण्यात आणि बेतण्यात. जुन्या शिवणीच्या रेषेवर सुईची भोके टपाल तिकिटाच्या कडेसारखी ओळीने पडलेली असतात. तिथे पुन्हा टाके घातले तर कातडे त्याच रेषेवर फाटते. म्हणून ती कड कापून टाकावी लागते, काजे आणि खिशांच्या चिरा वगळाव्या लागतात. काखेतले आणि कॉलरवरचे कातडे घामाने कमजोर झालेले असते. उत्तम तुकडा मिळतो तो पाठीचा. कापताना कात्री चालत नाही, ती लोकरही कापते. उलट्या बाजूने, चामड्यापुरतेच पाते फिरवायचे आणि लोकर बोटांनी विलग करायची, म्हणजे सांध्यावर दोन्हीकडची लोकर एकमेकांत मिसळते आणि जोड आतून दिसत नाही. टाचण्या लावायच्या नाहीत, कारण कातड्यावर पडलेले भोक बुजत नाही. एवढी काटछाट झाल्यावर एका कोटात जाकीट निघेलच असे नाही. दुसरा कोट घ्यावा लागतो, आणि मग छटा जुळवण्याचे काम वाढते.

जुने कातडे टिकेल का, ही शंका रास्त आहे. कोरडे पडून कागदासारखे टरकणारे कातडे कोणत्याही तेलाने पूर्ववत होत नाही. कसर लागलेली लोकरही गेल्यातच जमा. कोट घेण्याआधी आतल्या बाजूला कड ओढून पाहावी. ती नरम राहून ताण सोसत असेल तरच तो कामाचा. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: एका काळाची नक्कल करण्यासाठी दुसऱ्या काळाचा अस्सल नमुना का मोडायचा? चांगल्या स्थितीतला, नामांकित शिवणीचा कोट मोडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्याची बाही फाटली आहे, अस्तर गेले आहे, जो आता कुणी घालणार नाही, त्यातली शाबूत पाठ फेकून देण्यात कसले जतन? शिवाय ऐंशी वर्षांपूर्वीची खरी जाकिटे आता अंगावर घालण्याच्या अवस्थेत नाहीत. दर वापरात त्यांचे चामडे तडकते. घालायला प्रतिकृती असेल, तर मूळ जाकीट कपाटात सुखरूप राहील.

राहतो प्रश्न फसवणुकीचा. जुने कातडे, जुनी लोकर, त्यावर युद्धकाळातल्यासारखी धातूची चेन, एवढे जमले की असे जाकीट अस्सल म्हणून खपवणे सोपे होते, आणि नव्या कातड्याच्या प्रतिकृतीपेक्षा हा धोका इथे जास्त आहे. म्हणून हवाई मंत्रालयाच्या लेबलाची नक्कल त्यात कधीही शिवू नये. त्याऐवजी कॉलरखाली, सहज उसवता येणार नाही अशा जागी, शिवणाऱ्याचे नाव, वर्ष आणि कातडे कोणत्या कोटातून घेतले याची नोंद असलेली कापडी पट्टी घालावी.