जुनी ई-सायकल घेताय? बॅटरी बदलण्याआधी हे तीन आकडे बघा

गेल्या वर्षी मी एक वापरलेली ई-सायकल सहा हजारांत घेतली. विकणाऱ्याच्या पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या, मस्त पळाली. घरी येताना पहिल्याच उड्डाणपुलाच्या चढावर बॅटरीच्या चार दिव्यांपैकी तीन गेले आणि मोटर बंद पडली. उरलेला रस्ता पेडल मारत गाठला.

जुन्या बॅटरीचं हे नेहमीचं लक्षण आहे. सायकल उभी असताना व्होल्टेज चांगलं दिसतं. चढावर मोटरने जास्त करंट ओढला की ते धाडकन खाली येतं आणि कंट्रोलर मोटर बंद करतो. म्हणून जुनी सायकल बघायला गेलात तर सपाट रस्त्यावर नाही, चढावर चालवून बघा.

एकच बॅटरी बदलली तर?

माझ्या सायकलमध्ये १२ व्होल्टच्या तीन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये होत्या, म्हणजे एकूण ३६ व्होल्ट. फुल चार्ज करून दहा मिनिटं चालवली आणि मल्टीमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली. दोन १२.४ वर होत्या, तिसरी १०.४ वर. अशा बॅटरीत साधारण २ व्होल्टचे सहा सेल असतात. तिसरीतला एक सेल गेला होता.

दुकानदार म्हणाले, "तिन्ही कशाला बदलताय? एकच टाका की." पैसे वाचणार होते, पण मी थांबलो. सिरीजमध्ये तिन्हींतून सारखाच करंट वाहतो. नवीन बॅटरीत दम असतो, जुन्या दोन आधी रिकाम्या होतात आणि तरीही त्यांच्यातून करंट ओढला जातो. त्यात त्या आणखी लवकर मरतात. बदलायच्या तर तिन्ही एकदम.

मी मग लिथियम-आयन पॅक घ्यायचं ठरवलं. जुन्या तीन बॅटऱ्यांचं वजन बारा किलोच्या वर होतं, नवीन पॅक तीन किलोच्या आत. त्यात ४० सेल आहेत: १० सिरीजमध्ये, आणि अशा ४ रांगा पॅरललमध्ये. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. एका किलोमीटरला १२ वॉट-अवर धरले तर साधारण ३० किलोमीटर.

आता ते तीन आकडे

पहिला, व्होल्टेज. कंट्रोलरच्या स्टिकरवर ३६ लिहिलं असेल तर पॅकही ३६ चाच हवा.

दुसरा, करंट. माझा कंट्रोलर जास्तीत जास्त १५ अँपिअर ओढतो. पॅकमधलं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, त्याहून जास्त करंट देणारं हवं. मी २० अँपिअरचं घेतलं. ते कमी पडलं तर चढावर पॅक स्वतःच बंद होतो.

तिसरा, चार्जरचं व्होल्टेज. इथे मी स्वतः चुकलो.

पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही

नवीन पॅकला जुन्या चार्जरची पिन बरोबर बसत होती. फोनला आपण मित्राचा, ऑफिसचा, कुणाचाही चार्जर लावतो. त्याच सवयीने मी तो लावला. थोड्या वेळाने बघतो तर चार्जरचा दिवा कधी लाल, कधी हिरवा. प्लग काढून चार्जर मोजला: ४४.१ व्होल्ट.

लिथियम-आयन सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे १० सेलसाठी ४२. जुना चार्जर लेड-अ‍ॅसिडचा होता, तो प्रत्येक सेलला ४.४१ पर्यंत न्यायला निघाला होता. बीएमएसने मध्येच चार्जिंग तोडलं म्हणून वाचलो. ते खराब असतं तर सेल तापून आग लागू शकली असती, आणि पॅक माझ्या पलंगाशेजारी होता.

फोनमध्ये चार्जिंग सांभाळणारं सर्किट फोनच्या आत असतं, म्हणून बहुतेक चार्जर चालून जातात. सायकलमध्ये किती व्होल्टला थांबायचं हे चार्जर ठरवतो. बीएमएस हा शेवटचा आधार आहे, त्याच्या भरवशावर चार्जिंग करू नका. पॅकसोबत त्याचाच चार्जर घ्या. रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका आणि घराच्या दारात, बाहेर पडायच्या वाटेवर तर नकोच. पॅक फुगला, तापला किंवा पाण्यात बुडाला असेल तर घरी उघडत बसू नका.

मॉडिफिकेशन कुठपर्यंत?

३६ च्या जागी ४८ व्होल्टचा पॅक लावा, वेग वाढतो, असं खूप जण सांगतात. वेग वाढतो हे खरं. पण ४८ व्होल्टचा लिथियम-आयन पॅक फुल चार्जला ५४.६ वर जातो. कंट्रोलरमधले कपॅसिटर ५० व्होल्टचे असतील तर ते फुटतात. टिकले तरी २५ ची सायकल ३३ च्या आसपास पळते आणि ब्रेक मात्र तेच राहतात.

शिवाय कायद्याचा मुद्दा आहे. भारतात मोटरची पॉवर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, ही सूट मिळण्याच्या मुख्य अटी आहेत. त्या ओलांडल्या की कायद्याने ते मोटार वाहन ठरतं. मग रजिस्ट्रेशन, विमा, लायसन्स सगळं लागतं. अपघात झाला तर हे पहिलं विचारलं जाईल.

मी एवढंच केलं: बॅटरीच्या लाल वायरवर फ्यूज, नवीन ब्रेक पॅड, ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच आणि मागे लाल दिवा. वेग आहे तेवढाच आहे. पण आता त्याच उड्डाणपुलावर सायकल न थांबता चढते.

जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका. बॅटरीचे दुकानदार त्या परत घेतात आणि नवीनच्या किमतीतून काही रक्कमही कमी करतात.