खासदारांचा कार्यअहवाल वाचताना

निवडणूक वर्षभरावर आली की खासदारांचा कार्यअहवाल घरोघरी येऊन पडतो. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेले साहेब, आत भूमिपूजनांचे फोटो आणि ठळक टायपात कोटींचे आकडे. बहुतेक घरांत तो त्याच दिवशी रद्दीत जातो. माझ्या मते तो ठेवून द्यावा आणि सवडीने वाचावा. खासदाराने स्वतः केलेलं, त्याने सरकारकडे मागितलेलं आणि सरकारने आपणहून केलेलं असं सगळं त्यात एका दमात सांगितलेलं असतं. ते वेगळं करत गेलं की अहवाल बराच बोलका होतो.

आधी पैसे, कारण अहवालातही तेच आधी येतात. खासदाराच्या शिफारशीने खर्च होणारा निधी वर्षाला ५ कोटी. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली, २०११-१२ पासून तिची रक्कम ५ कोटी झाली आणि कोविडच्या काळात, एप्रिल २०२० पासून दीडेक वर्ष, ती बंदच होती. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात सुमारे सव्वानऊ कोटी मतदार होते आणि जागा ४८. म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला १९ लाखांवर मतदार आणि मतदारामागे वर्षाला जेमतेम २६ रुपये. अहवालात शेकडो कोटींची बेरीज दिसली, तर उरलेला पैसा राष्ट्रीय महामार्ग, जलजीवन मिशन, घरकुल अशा सरकारी योजनांचा आहे असं समजावं. त्यात खासदाराचा हात नसतोच असं नाही. अडलेला उड्डाणपूल चिवटपणे मागे लागल्याशिवाय सुटत नाही, हे दिल्लीत खेटे घातलेल्या कुणालाही विचारा. पण पैसे त्याच्या सहीने सुटत नाहीत.

त्या ५ कोटींचंही तसंच. खासदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. शिफारस पत्र गेलं की अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. सुचवलेली, मंजूर झालेली आणि पूर्ण झालेली कामं हे तीन निरनिराळे आकडे असतात आणि छापायला सर्वांत देखणा पहिलाच. पडताळणीला फार लांब जावं लागत नाही. पूर्ण झालेल्या कामावर योजनेचं नाव आणि खर्च लिहिलेला फलक लावणं बंधनकारक आहे. गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याच्या टोकाला तो असतो, बऱ्याचदा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सआड.

पुढचं पान प्रश्नांचं. ‘लोकसभेत इतके शे प्रश्न विचारले’ हे वाचून खासदार इतक्या वेळा उभे राहून बोलले असं वाटतं. तसं नसतं. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. त्यासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. खरी झोंबाझोंबी तिथेच होते. पण प्रश्नोत्तरांच्या तासाभरात वीसपैकी मोजकेच प्रश्न पुकारले जातात. अतारांकित प्रश्नाला छापील उत्तर मिळतं. एकाच विषयावर अनेकांच्या सूचना आल्या, तर सगळ्यांची नावं एका प्रश्नाखाली जोडली जातात. म्हणून संख्येवर भाळू नये. आपल्या भागातल्या कांदा निर्यातीचा किंवा रेल्वेमार्गाचा एक प्रश्न निवडावा, संसदेच्या संकेतस्थळावर त्याचं उत्तर उघडावं. ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं मंत्र्यांनी म्हटलं असेल, तर ती नुसती टोलवाटोलवी नसते. ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि सरकारी आश्वासन समिती त्याचा हिशेब मागते. आश्वासन मिळाल्यावर पुढे काय झालं हे लिहिणारा अहवाल सापडला, तर तो खासदार कामाचा.

शून्य प्रहरातल्या भाषणांचे व्हिडिओ छान दिसतात, पण तिथे मंत्र्यांवर लगेच उत्तर देण्याचं बंधन नाही.

खासगी विधेयकांना मात्र हसू नये. सरकारबाहेरच्या सदस्याने मांडलेली जेमतेम १४ विधेयकं आजवर कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरीही राजापूरचे खासदार नाथ पै आठवावेत. गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा १९६७ मध्येच त्यांनी तो परत मिळवण्यासाठी विधेयक मांडलं. ते संयुक्त समितीपर्यंत गेलं, संमत झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने सरकारने तेच केलं.

शेवटच्या पानांवर राष्ट्रीय प्रश्न येतात. इथे श्रेयाची गर्दी फार. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा जाहीर झाला. त्यासाठीचा रंगनाथ पठारे समितीचा अहवाल दहाएक वर्षं आधीच दिल्लीला गेला होता. मधल्या काळात कितीतरी खासदारांनी हा विषय काढला, त्यामुळे ‘माझ्या पाठपुराव्याला यश’ हे प्रत्येकाच्याच अहवालात येऊ शकतं, आणि ते धडधडीत खोटंही नसतं.

मतदानाचं वेगळं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा आदेश म्हणजे व्हिप मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. म्हणून ‘विधेयकाला मी ठाम पाठिंबा दिला’ हे वाक्य बहुधा पक्षाचं असतं. शिवाय बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. कोण काय म्हणालं याची नावनिशीवार नोंद राहत नाही. घटनादुरुस्तीला मात्र मतविभागणी लागतेच. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झालं. विरोधातलं एक मत हैदराबादच्या असदुद्दीन ओवैसींचं, दुसरं औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो पटो न पटो, त्या दिवशी आपल्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिलं हे औरंगाबादच्या मतदाराला अहवालाची वाट न पाहता कळलं.