नाकाने भाजायचा नाश्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2024 च्या रमजानमध्ये आमची लेक पुण्याहून आली, तेव्हा तिच्या बॅगेत एक जाड कागदी पिशवी होती. पिशवीला मध्ये पारदर्शक खिडकी, खिडकीतून दिसणारे तपकिरी खडे, आणि वर लिहिलेलं: मसाला चॉकलेट ग्रॅनोला. ‘अम्मी, सहरीला दह्यात घालून खा. हेल्दी असतं,’ असं तिने आईला सांगितलं.

तिची अम्मी मधुमेहाची गोळी घेते आणि रोजेही ठेवते. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली होती आणि अटी घातल्या होत्या. सहरी चुकवायची नाही, सहरीला गोड खायचं नाही, साखर अधूनमधून तपासायची, आणि ती फार खाली गेली तर रोजा सोडायचा. सोलापूरचा मार्च-एप्रिल कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. तेरा-चौदा तास पाण्याचा थेंब नाही, आणि बाहेर ऊन चाळिशीला टेकलेलं. सहरीच्या ताटात काय आहे, हा आमच्या घरी चवीचा प्रश्न नव्हता.

पहिल्या दिवशी तिने वाटीभर ग्रॅनोला दह्यात घालून खाल्ला. दोन तासांनी बोट टोचलं, तर भाकरी-अंडं खाल्लेल्या दिवशी येतो त्यापेक्षा आकडा पन्नासाहून अधिक वर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी भिंग घेऊन पिशवीची मागची बाजू वाचायला बसलो. आयुष्यभर कविता वाचली, पण इतक्या बारीक अक्षरातलं गद्य इतक्या मन लावून कधी वाचलं नव्हतं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. आमच्या पिशवीवर ओट्स पहिले होते, त्यामुळे जीव भांड्यात पडला. पण पुढे साखर, मग ग्लुकोज सिरप, मग मध, मग चॉकलेटचे तुकडे, आणि त्या चॉकलेटच्या कंसात पुन्हा साखर. एकच गोडवा चार नावांनी वाटून टाकला की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि ओट्स डौलात वर राहतात. शंभर ग्रॅममागे साखर 22 ग्रॅम. कंपनीच्या हिशेबाने एका वेळचं खाणं 30 ग्रॅम. आमची स्टीलची वाटी भरून मी वजनकाट्यावर ठेवली, तर आतला ऐवज 70 ग्रॅम भरला. लाह्यांसारखा हलका दिसणारा हा पदार्थ हाताला मात्र चिक्कीसारखा जड आहे. म्हणजे पथ्याच्या नावाखाली बाई पहाटे तीन चमचे साखर खात होती, शिवाय ओट्सचा स्टार्च वेगळा.

ग्रॅनोलाला हे पथ्याचं नाव मिळालं कसं, त्याचीही एक कहाणी आहे. 1863 मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी, जेम्स कॅलेब जॅक्सन नावाचे एक डॉक्टर आरोग्यधाम चालवत. त्यांनी कोंड्यासकट गव्हाच्या पिठाच्या वड्या भाजून, फोडून, पुन्हा भाजून एक पदार्थ केला. त्याला ते ‘ग्रॅन्युला’ म्हणत. तो इतका टणक असे की रात्री दुधात भिजत घातला तर सकाळी चावता येई. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तशाच धर्तीचा पदार्थ केला आणि नावही तेच ठेवलं. तक्रार झाल्यावर एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ केलं. या दोघांच्या पदार्थात साखरेला थारा नव्हता. केलॉगसाहेब तर मसाले, चहा, कॉफी, चॉकलेट या सगळ्यांनाच प्रकृतीचे वैरी समजत. मग 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या बंडखोर तरुण पोरांनी ओट्समध्ये मध, तेल, सुकामेवा घालून घरोघरी भट्टीत भाजायला सुरुवात केली. 1969 च्या वूडस्टॉकच्या संगीत महोत्सवात उपाशी गर्दीला हाच खाऊ वाटला गेला. सत्तरच्या दशकात मोठ्या कंपन्या उतरल्या. थोडक्यात, नाव आजाऱ्यांच्या पथ्याचं राहिलं आणि आतला माल मिठाईचा झाला.

आता घरीच करू, असं मी जाहीर केलं. निवृत्त माणसाला असे उत्साह येतात. पहिल्या घाण्याला मी 300 ग्रॅम ओट्सना 200 ग्रॅम मध घातला. मध नैसर्गिक, म्हणून हात सैल. वर 100 ग्रॅमची चॉकलेटची वडी तुकडे करून टाकली. झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला, तर माझ्या घरच्या, शुद्ध, सात्त्विक ग्रॅनोलात शंभर ग्रॅममागे साखर 28 ग्रॅमच्या आसपास. विकतच्यापेक्षा जास्त! घरी केलं म्हणजे कमी गोड झालं, असं काही नसतं. गूळ, मध आणि साखर यांची रक्तात गेल्यावरची वागणूक फारशी वेगळी नाही. घरी करण्याचा फायदा एवढाच की चमचा आपल्या हातात असतो.

शिवाय तो घाणा करपलाही होता. त्याकडे येतोच.

आज आमच्याकडे जे प्रमाण ठरलं आहे ते असं. जाडे ओट्स 300 ग्रॅम. हे रोल्ड ओट्स म्हणून मिळतात. झटपट शिजणारे बारीक ओट्स नकोत, त्यांचा भुगा होतो. ओट्स कच्चे कसे भाजायचे, अशी शंका पुष्कळांना येते. पण कारखान्यात दाणे आधी वाफवून मग रुळाखाली चपटे केलेले असतात, त्यामुळे आपल्याला फक्त खरपूस करायचे असतात. त्यात 60 ग्रॅम जाडसर चिरलेले बदाम, 40 ग्रॅम भोपळ्याच्या सोललेल्या बिया, 20 ग्रॅम तीळ आणि अर्धा चमचा मीठ. मीठ विसरू नका. मिठावाचून कोको नुसताच कडू लागतो.

कोको पावडर 30 ग्रॅम. इथे दुकानात जपून. कोको मागितला की पुष्कळदा ‘ड्रिंकिंग चॉकलेट’चा डबा हातात येतो. त्यात निम्म्याहून अधिक साखर असू शकते. डब्यावर घटक एकच असला पाहिजे: कोको.

मसाला: दालचिनीची पूड दीड चमचा, वेलची अर्धा, सुंठ अर्धा, दोन लवंगा कुटून, जायफळ चिमूटभर आणि लाल तिखट चिमटीच्याही निम्मं. तिखटाला नाक मुरडू नका. कोको पिण्याची जुनी परंपरा मध्य अमेरिकेतली. स्पॅनिश लोक तिथे पोहोचण्याआधीपासून तिथले लोक कोको वाटून, पाण्यात फेसाळून, त्यात मिरची घालून पीत. साखर आणि दालचिनी नंतर आल्या, आणि दालचिनी गेली ती आपल्या बाजूच्या समुद्रातून, श्रीलंकेकडून. तिकडची मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून इकडे आली आणि आपल्या शेंगदाण्याच्या चटणीत जाऊन बसली. या सौद्यात कोण फायद्यात राहिलं, हे सोलापूरकराला विचारू नये.

पण मसाल्याचं खरं काम वेगळं आहे. वेलची, दालचिनी, जायफळ हे वास आपण जन्मापासून खीर, शिरा, श्रीखंड यांच्याबरोबर घेतलेले आहेत. तो वास आला की जीभ गोडाची वाट बघायला लागते, आणि थोडा गोडवाही तिला पुरेसा वाटतो. मसाला नीट घातला म्हणून मला गूळ कमी करता आला. दालचिनीचं मात्र एक लक्षात ठेवा. बाजारात बहुधा जाड सालीची मिळते, ती कॅशिया. रोज खायच्या पदार्थात तिचा मारा करू नये. पातळ, विडीसारखी पदर पदर गुंडाळलेली मिळाली तर ती घ्यावी. ती सौम्य असते.

आता गूळ. 80 ग्रॅम किसून दोन-तीन चमचे पाण्यात मंद आचेवर फक्त विरघळवायचा. पाक करायचा नाही. मग गाळून घ्यायचा, नाहीतर दाताखाली कचकच येते. दुसऱ्या भांड्यात 60 मिलिलिटर तेल कोमट करायचं, आच बंद करायची आणि त्यात कोको व मसाला कालवायचा. फोडणीचंच तत्त्व आहे हे. मसाल्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात तितका उतरत नाही. कोकोही पाण्यात टाकला तर गुठळ्या धरतो, तेलात मऊ लापशीसारखा होतो. मग गूळ आणि तेल एकत्र करून ओट्सवर ओतायचं आणि चमच्याने नव्हे, हाताने चोळायचं. चिवड्याला मसाला चोळतो तसं.

छोटी भट्टी असेल तर 150 अंशांवर, ताटात बोटाच्या एका पेराहून कमी जाडीचा थर पसरून, साधारण अर्धा तास. पंधरा मिनिटांनी एकदा खालवर करायचं, मग वाटीच्या बुडाने दाबून सारखं करायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. ज्यांना खडे हवेत त्यांच्यासाठी हे दाबणं महत्त्वाचं. भट्टी नसेल तर जाड बुडाची कढई, अगदी बारीक आच आणि पंचवीस मिनिटं सतत उलथनं. कढईत खडे होत नाहीत, मोकळा चिवडा होतो. चवीत फारसा फरक नाही.

आता माझ्या करपण्याविषयी. साधा ग्रॅनोला सोनेरी झाला की उतरवायचा, हे कोणीही सांगेल. पण कोको घातलेला ग्रॅनोला कच्चा असतानाच तपकिरी असतो! डोळ्यांना काही कळायला मार्गच नाही. त्यात मधातलं फळशर्करेचं प्रमाण मोठं, आणि ती साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला काळवंडते. मी रंगाची वाट बघत बसलो आणि घरभर धूर झाला. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ती म्हणाली, ‘जलने के पैले नाक कू मालूम होता.’

चाळीस वर्षं ती ईदच्या शीरखुर्म्याच्या शेवया तुपात भाजते आहे. बारीक शेवया, कच्च्या आणि करपलेल्या यांच्यात दोन मिनिटांचं अंतर. ती कढईकडे बघतसुद्धा नाही, कुणाशी तरी बोलत असते आणि मध्येच आच बंद करते. दुसऱ्या घाण्याला मी तिला स्टुलावर बसवलं. पहिली दहा मिनिटं ओल्या गुळाचा वास येतो, रसवंतीच्या चुलाणाजवळ येतो तसा. मग मसाला उठतो. मग तो मागे सरतो आणि भाजलेल्या बदामाचा, पावाच्या कडेचा वास येतो. तिथे उतरवायचं. त्यानंतर कडवट, नाकाला किंचित झोंबणारा वास लागला की वेळ गेली. आम्ही ती वेळ घड्याळात पाहिली: अठ्ठाविसावं मिनिट. पण पुढच्या घाण्याला ओट्स जरा दमट होते, तर तेहतीस मिनिटं लागली. म्हणून घड्याळाचा आकडा मी तुम्हाला खात्रीने देत नाही.

उतरवल्यावर तो मऊच असतो. घाबरून पुन्हा आत ढकलू नका. गरम गूळ नरम असतो, निवला की कडक होतो, हे चिक्की करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ताटातच तासभर पूर्ण निवू द्यायचा, मग तोडायचा. गरम गरम डब्यात भरलात तर आतल्या वाफेचं पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं लिबलिबीत. चॉकलेटचे तुकडे घालायचेच असतील तर अगदी निवल्यावर, आणि मूठभरच. कोकोतला लोण्यासारखा स्निग्धांश चौतीस अंशांच्या आसपास वितळतो. आमच्या गावात एप्रिलमध्ये तेवढं तापमान बंद कपाटातही असतं. आम्ही उन्हाळ्यात चॉकलेट घालतच नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकतो. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, तेव्हा 120 अंशांवर दहा मिनिटं पुन्हा सुकवावा.

या प्रमाणात साधारण 550 ग्रॅम होतो. म्हणजे 30 ग्रॅममागे गूळ साडेचार ग्रॅमच्या आत, एक लहान चमचा. तरीही सहरीला तो आमच्या ताटात परत आला नाही. तिथे ज्वारीची भाकरी, अंडं आणि दहीच आहे. आकडे त्यांच्या बाजूने आहेत आणि डॉक्टरही. ग्रॅनोलाला जागा मिळाली ती तरावीहनंतर, रात्री दहाच्या सुमाराला, जेव्हा तिला काहीतरी गोड हवंच असतं आणि पूर्वी ती फ्रीजमधली मिठाई शोधायची. मधुमेह असलेल्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आमच्या घरचं गणित तुमच्या घरी लागू होईलच असं नाही.

लेकीला आता आम्ही इथून डबा पाठवतो. तिच्या डब्यात चॉकलेट असतं. आमच्या डब्यातून वाटी काढून टाकली आहे. त्यात अम्मींच्या चहाच्या डब्यातला जुना पितळी चमचा ठेवला आहे. तो काट्यावर मोजून घेतला आहे: सपाट चार चमचे म्हणजे बरोबर तीस ग्रॅम.