न्यूक्लियस म्हणजे गर

मुले विज्ञानातले शब्द पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. मराठी माध्यमात 'केंद्रक' किंवा उर्दू माध्यमात 'मरकज़ा' शिकलेले मूल अकरावीत विज्ञान शाखेला गेले की त्याच्यासमोर 'न्यूक्लियस' येतो. वस्तू तीच, पण नाव नवे! इथेच चांगली हुशार मुलेही बिचकतात. म्हणून या शब्दाची जन्मकथा आम्ही देत आहोत.

लॅटिन भाषेत 'नुक्स' म्हणजे अक्रोडासारखे कठीण कवचाचे फळ. त्यावरून 'न्यूक्लियस' म्हणजे कवच फोडल्यावर मिळणारा गर. स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी 1831 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एक निबंध वाचला. ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या गोल ठिपक्याला त्यांनी त्यात हे नाव दिले. ठिपका आधीही काहींनी पाहिला होता. नाव मात्र ब्राऊन यांचेच टिकले.

तो काय काम करतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे 1869 मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर यांनी जखमेच्या पट्ट्यांवरील पुवातल्या पेशींमधून एक नवे द्रव्य वेगळे केले. ते न्यूक्लियसमधले, म्हणून त्याला 'न्यूक्लिन' म्हटले. 'डीएनए'मधला 'एन' तिथलाच! बीच्या गरात पुढचे झाड दडलेले असते. तशी माणसाची आनुवंशिक माहिती न्यूक्लियसमधील 46 गुणसूत्रांत असते. त्यांपैकी 23 आईकडून येतात, 23 वडिलांकडून.

आता आपल्या ओळखीच्या भाषांकडे पाहू. 'केंद्रक' आणि 'मरकज़ा' हे दोन्ही शब्द 'मध्य' या अर्थावरून आले. अरबीत मात्र न्यूक्लियसला 'नवात' म्हणतात, म्हणजे खजुराची बी! इफ्तारच्या दस्तरख्वानावर आपण जी बाजूला काढून ठेवतो, तीच. लॅटिनने अक्रोडाचा गर घेतला, अरबीने खजुराची बी. कल्पना जवळजवळ एकच.

हे एकदा कळले की 'न्यूक्लिओलस' म्हणजे छोटा गर, हे पाठ करावे लागत नाही. अणूच्या गाभ्यालाही न्यूक्लियसच म्हणतात, म्हणून त्यातून मिळणारी ऊर्जा 'न्यूक्लिअर' ठरते.

अम्मी-अब्बांनी विज्ञान शिकलेले असलेच पाहिजे असे नाही. मुलाने नवा शब्द वाचला की एवढेच विचारा, "बेटा, याचा अर्थ काय?" उत्तर शोधताना त्याची भीती कमी होईल, आणि शब्दही लक्षात राहील.